अजिंठ्याच्या भिंतीवरचं वाशिम

संभाजीनगरहून टॅक्सी करायची, चार लेणी पळत बघायची, पद्मपाणीचा एक अंधूक फोटो काढायचा आणि संध्याकाळच्या आत परत. आपली अजिंठ्याची ट्रिप साधारण अशीच होते. ती एकदा उलट्या बाजूने, म्हणजे वाशिमहून करून बघा!

वाशिम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? अगदी खरं सांगा. सोयाबीन? स्पर्धा परीक्षेच्या वेळी पाठ केलेली जिल्ह्यांची यादी? की ऑफिसमधला तो एक मित्र, जो 'गाव कुठलं?' या प्रश्नावर आधी 'अकोल्याजवळ' म्हणतो आणि समोरचा चेहरा तरीही कोराच राहिला तर 'विदर्भ' म्हणून विषय मिटवून टाकतो? आमच्या ग्रुपमध्ये असा एक आहे. हिंजवडीत नोकरी, वाकडला फ्लॅट, ईएमआय वगैरे सगळं रीतसर. पण गावाचं नाव पहिल्या फटक्यात सांगणार नाही. त्याचंही अगदीच चूक नाही म्हणा. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा होऊन झालेला हा जिल्हा बातम्यांमध्ये येतो तो बहुतेक वेळा मागासलेपणाच्या संदर्भात. २०१८मध्ये नीती आयोगाने देशभरातल्या 'आकांक्षित जिल्ह्यां'ची यादी काढली, त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) यांच्या जोडीला वाशिम होतंच.

आता दुसरा प्रश्न. अजिंठा कुणी केलं? 'बौद्ध भिक्खूंनी' असं बहुतेक जण सांगतील. इतिहासाचा पेपर आवडायचा ते 'सातवाहन' म्हणतील. दोन्ही उत्तरांना अर्धे मार्क. ९ आणि १० नंबरची चैत्यगृहं जुनी आहेत, इसवी सनाच्या आधीची, सातवाहनांच्या काळातली. पण आपण जे बघायला तिकीट काढतो ते सगळं, म्हणजे पद्मपाणी, वज्रपाणी, जातककथांनी भरलेल्या भिंती, छतावरची हंसांची रांग, ते पाचव्या शतकातलं आहे. तेव्हा इथे राज्य होतं वाकाटकांचं. त्यांच्या दोन शाखा होत्या. एक नागपूरजवळ नंदिवर्धनची, आणि दुसरी वत्सगुल्मची. अजिंठा या दुसऱ्या शाखेच्या राज्यात. आणि वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम!

हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो हसला. 'व्हॉट्सअॅप युनिव्हर्सिटी का?' म्हणाला. मग ठरलं, प्रत्यक्ष जाऊनच बघायचं. दिवाळीनंतरचा एक लाँग वीकेंड, एक गाडी आणि आम्ही चौघं: मी, तो, त्याची बायको आणि वाशिमला गेल्यावर 'मी बी येतो' म्हणून पिशवी भरून तयार बसलेल्या त्याच्या आई. ट्रिपचा नूरच त्यांनी बदलला, पण ते पुढे.

आधी वाशिम

वाशिममध्ये 'राजधानी दाखवा' म्हणाल तर पंचाईत होईल. वाडा, तटबंदी, सिंहासन यातलं काहीही दाखवायला नाही. अठराव्या शतकातलं बालाजीचं मंदिर आहे, त्याचा मोठा देव तलाव आहे, पद्मतीर्थ आहे. संध्याकाळी तिथे छान वाटतं. वत्स नावाच्या ऋषींच्या तपामुळे इथे देवांचा मेळा जमला आणि म्हणून वत्सगुल्म, अशी गावाच्या नावाची कथा तिथे कुणीही सांगेल.

पण दगडामातीत नसलेलं वाशिम जुन्या पुस्तकांमध्ये मात्र सॉलिड आहे. दहाव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसा'त एक भन्नाट गोष्ट रचली आहे. काव्यपुरुष, म्हणजे साक्षात कविता, घरातून रुसून निघतो. त्याला वश करायला साहित्यविद्या नावाची वधू त्याच्या मागोमाग देशभर फिरते. शेवटी दोघांचं लग्न लागतं कुठे? काशीत नाही, उज्जैनलाही नाही. विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात! म्हणजे ज्या गावाचं नाव सांगायला आमचा मित्र लाजतो, ते एके काळी भारतीय साहित्याचं वेडिंग डेस्टिनेशन होतं. साहित्यातल्या सगळ्यात गोड मानल्या गेलेल्या वैदर्भी शैलीलाच 'वच्छोमी' असंही नाव होतं, आणि ते नाव याच गावावरून आलं. या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन स्वतः प्राकृतात काव्य करायचा. त्याचं 'हरिविजय' आज हरवलेलं आहे, पण नंतरच्या शास्त्रकारांनी त्याचं नाव आदराने घेतलंय. आणि हो, वात्स्यायनाच्या कामसूत्रातही वत्सगुल्मच्या राजवाड्यातल्या रीतीभातींचा उल्लेख आहे. तो काय आहे ते तुमचं तुम्ही शोधा, इथे काकू वाचतायत.

शहराच्या जवळच हिस्से-बोराळा नावाचं गाव आहे. तिथे सापडलेल्या शिलालेखात देवसेन राजाच्या एका अधिकाऱ्याने 'सुदर्शन' नावाचं तळं बांधल्याचं लिहिलंय आणि सालही दिलंय, शके ३८०. म्हणजे इसवी सन ४५८. वाकाटकांच्या लेखांमध्ये सहसा 'राजाचं अमुकावं वर्ष' एवढंच असतं, त्यामुळे हा चक्क शकाचा आकडा अभ्यासकांना लॉटरी लागल्यासारखा आहे. हा देवसेन म्हणजे हरिषेणाचा बाप. आणि अजिंठ्याच्या गोष्टीतला हीरो आहे हरिषेण.

एक ताम्रपट आणि एक न लागलेलं नाव

वत्सगुल्म नावाचं गाव होतं हे माहीत होतं. पण तिथे वाकाटकांची एक स्वतंत्र राजशाखा होती, हे १९३९पर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढं गाजलेलं घराणं आणि त्याचा पत्ताच गायब!

गंमत म्हणजे पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात एक लांबलचक संस्कृत शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचायचा पहिला मोठा प्रयत्न केला. हे भाऊ दाजी पेशाने डॉक्टर, दवाखाना सांभाळून प्राचीन लिप्या वाचायचे. (आपल्याला ऑफिस सांभाळून जिम होत नाही.) नंतर जर्मन पंडित ब्यूलर यांनी वाचला. पण पावसाने लेखाची एक बाजू इतकी झिजलेली, की राजांची काही नावं लागतच नव्हती, काही चुकीची लागत होती. सगळ्यांनी मिळून ही एकाच घराण्याची सरळ वंशावळ धरली.

मग १९३९मध्ये वाशिममध्ये एक ताम्रपट हाती आला. दुसऱ्या विंध्यशक्ती राजाने आपल्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी, वत्सगुल्महून दिलेला. नांदेडच्या बाजूचं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याचा हा दस्तऐवज. आजच्या भाषेत जमिनीचं बक्षीसपत्रच म्हणा. यातली वंशावळ संस्कृतात आणि बाकी कामकाजाचा मजकूर प्राकृतात, म्हणजे साहेबाचं नाव इंग्रजीत आणि नोटीस मराठीत, तसंच काहीसं. त्यात राजाच्या बापाचं नाव स्वच्छ लिहिलं होतं: सर्वसेन.

नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे धागे जोडले. ताम्रपटातली नावं हातात घेऊन ते पुन्हा अजिंठ्याच्या त्या झिजलेल्या भिंतीकडे वळले. आणि जिथे आधी भलतंच नाव वाचलं जात होतं तिथे बसला सर्वसेन! ही मुख्य घराण्याची नाही, तर वत्सगुल्म शाखेची वंशावळ आहे हे सिद्ध झालं. त्यांचं हे नवीन वाचन १९४१मध्ये हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व मालेत छापून आलं. कारण तेव्हा अजिंठा निजामाच्या हद्दीत होतं आणि वाशिम इंग्रजांच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. एकाच राजाच्या दोन वस्तू, दोन वेगळ्या सरकारांकडे.

हे सगळं गाडीत सांगून झालं तेव्हा मेहकर मागे पडलं होतं. मागच्या सीटवरून काकूंनी विचारलं, 'वाशिमचा राजा होता म्हंता, मंग वाशिमात त्याचं काय हाय?'

चिखलीपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

१६ नंबर

बुलढाणा ओलांडून अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूर. तिथल्या फाट्यावर आपली गाडी ठेवायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने. डोंगर जवळ येतो तसं सगळं आतल्या आत वळत जातं. वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखी कापलेली दरी, आणि त्या नालाच्या काळ्या भिंतीत एका रांगेत लेणी. एकूण तीसच्या आसपास. एप्रिल १८१९मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला असताना त्याला समोरच्या कड्यावरून १० नंबरच्या लेण्याची कमान दिसली, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. या महाशयांनी आत जाऊन खांबावर स्वतःचं नाव कोरलं. 'पिंकी लव्हज् राजू'वाल्यांचे मूळपुरुष!

आज आपण एका सलग पायवाटेने १, २, ३, ४ असं मॉलमधल्या दुकानांसारखं फिरतो. पूर्वी असं नव्हतं. प्रत्येक लेण्याला खाली नदीपासून स्वतःचा जिना होता, नदीतून वर चढायचं आणि थेट आपल्या विहारात. हे अजून अनुभवता येतं ते १६ नंबरलाच. इथे पायऱ्यांच्या दोन बाजूंना दोन दगडी हत्ती आहेत. वर चढलं की वळणावर एक नागराज बसलेला आहे, सुरक्षारक्षकासारखा, अगदी आरामात.

हा नागराज लक्षात ठेवा. कारण वर गेल्यावर बहुतेक लोक सरळ आत घुसतात, तिथे जरा थांबायचं. व्हरांड्याच्या बाहेर, डाव्या टोकाच्या भिंतीवर बघायचं. दगडावर खरचटल्यासारखं काहीतरी दिसेल. डोळे सरावले की ओळी दिसतात, मग अक्षरं दिसतात. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक बारीकसा चौकोन, पेटीसारखा. म्हणून या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. वाकाटकांचा हा आवडता फॉन्ट. वाशिमचा पत्ता लावणारी भिंत ती हीच. आम्ही तिथे वीस मिनिटं होतो. तेवढ्यात शंभरेक माणसं आत गेली आणि बाहेर आली, भिंतीकडे बघितलं ते एका शाळकरी मुलाने, तेही त्याचा शूज तिथे पडला होता म्हणून.

लेख लिहून घेतलाय वराहदेवाने. हा हरिषेणाचा मंत्री. त्याचा बाप हस्तिभोज हा देवसेनाचा मंत्री, म्हणजे पिढीजात सीईओ. या हस्तिभोजावर सगळा कारभार सोपवून देवसेन राजा निवांत सुखोपभोगात रमला, असं लेखात अगदी कौतुकाने लिहिलंय. (डेलिगेशन शिकावं तर यांच्याकडून.) हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची रांग येते. कवीने थोडं वाढवलं असेल असं धरलं, तरी त्याचा दरारा माळव्यापासून ओडिशापर्यंत आणि कोकणापर्यंत पोचला होता, असा त्याचा अर्थ. आणि हे सगळं चालायचं कुठून? वाशिमहून. आमचा मित्र ही नावं मोबाइलवरच्या मराठी अनुवादातून मोठ्याने वाचत होता. तिसऱ्या नावानंतर त्याचा आवाज जरा बदलला, हे मी नोंदवून ठेवलंय.

मग वराहदेव आपल्या लेण्याचं वर्णन करतो. खिडक्या, दारं, सुंदर चित्रांचे सज्जे, पाण्याचं मोठं टाकं आणि नागराजाचं देऊळ. नागराज! म्हणजे आत्ता जिन्यावर भेटलेला तोच. दीड हजार वर्षांपूर्वीचं ब्रोशर हातात घेऊन फ्लॅट बघायला जावं आणि ब्रोशरमधली प्रत्येक गोष्ट जागेवर सापडावी, असं आपल्या आयुष्यात तरी होत नाही.

हे सगळं त्याने केलं कशासाठी? आयुष्य, तारुण्य, पैसा, सुख यातलं काहीच टिकत नाही म्हणून. आणि आई-वडिलांना पुण्य मिळावं म्हणून. लक्षात घ्या, वराहदेवाचं कूळ ब्राह्मणांचं. हे त्याने जवळच्या घटोत्कच लेण्यातल्या लेखात सांगितलंय, तेही लेणं त्याचंच. तो ज्या घराण्याच्या नोकरीत होता त्यातल्या पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केलेले. आणि त्या घराण्याच्या मंत्र्याने आपल्या आईबापांच्या नावाने बांधला तो बौद्ध भिक्खूंसाठी विहार. आज आपल्याला हे वाचून आश्चर्य वाटतं. लेखात मात्र आश्चर्याचा एक शब्द नाही.

चपला काढून आत गेलो. वीस खांबांचा प्रचंड मंडप, भोवती भिक्खूंच्या खोल्या, आणि समोर गाभाऱ्यात पाय खाली सोडून बसलेला विशाल बुद्ध. मध्ये अंतराळ नाही, मंडपातून थेट त्याच्यासमोरच. आम्ही तिघं मोबाइल काढून अँगल शोधायला लागलो. काकू मूर्तीसमोर गेल्या, हात जोडले, डोळे मिटले आणि हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. त्यांच्या घरात हे रोजचंच आहे. त्यांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला होते, बाबासाहेबांसोबत ज्या लाखो लोकांनी दीक्षा घेतली त्यांच्यात. अजिंठा बघायला आयुष्यात पहिल्यांदाच आल्या होत्या. मागून आलेल्या एका टूर ग्रुपची कुजबुज त्या दोन मिनिटांत आपोआप बंद झाली. तिथला पहारेकरीही काही बोलला नाही.

बाहेर येताना त्या म्हणाल्या, 'भिक्खू राहत होते ना इथं? मंग हे त्याइचं घर झालं. तुमी तं फोटूच काढून राह्यले.'

डाव्या भिंतीवरचं ते प्रसिद्ध चित्र आम्ही मग नीट बघितलं. 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून पोस्टकार्डांवर असतं ते. खरं तर गोष्ट नंदाची. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. घरी सुंदर बायको, आणि हा बुद्धामागे जाऊन भिक्खू झाला. नोकर त्याचा मुकुट घेऊन परत येतो, तो बघून बायको कोसळते. मान कललेली, बोटं सैल पडलेली, आजूबाजूच्या दासी घाबरलेल्या. विहारात राहणाऱ्या भिक्खूंच्या रोजच्या नजरेसमोर, घर सोडणाऱ्याच्या बायकोचं दुःख इतक्या जवळून रंगवून ठेवलंय! मित्राच्या बायकोचं म्हणणं, 'तिला कुणी विचारलं होतं का?' चित्रकाराने तरी विचारलं असावं, असं मला ते चित्र बघून वाटतं.

काम अर्धवट का राहिलं?

१ नंबरचं लेणं तुम्ही बघणारच, पद्मपाणी तिथेच आहे. ते स्वतः हरिषेणाने करवून घेतलं असावं, असं वॉल्टर स्पिंक यांचं मत होतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातला हा माणूस २०१९मध्ये वारला. त्याआधीची कित्येक दशकं त्याने अजिंठ्याच्या एकेका छिन्नीच्या खुणेवर घालवली. त्याचा सगळ्यात गाजलेला दावा असा, की पाचव्या शतकातलं हे अख्खं काम जेमतेम अठरा वर्षांत, साधारण ४६२ ते ४८०च्या दरम्यान झालं. सगळ्यांना हे पटत नाही. मिराशींनी हरिषेणाचा काळच ४७५ ते ५०० असा धरला होता, स्पिंकच्या मते तो ४७७मध्ये मेलासुद्धा. भांडण चालू आहे. पण स्पिंकचं ऐकून लेणी बघायला जी मजा येते ती वेगळीच, कारण मग तुम्ही चित्रं बघणं सोडून साइटवर चाललेलं काम बघायला लागता.

त्यासाठी २४ नंबरला जा. गाइड तिथे नेत नाहीत. पूर्ण झालं असतं तर हे इथल्या मोठ्यात मोठ्या लेण्यांपैकी एक झालं असतं. आत गेल्यावर कळतं की लेणं खालून वर नाही, वरून खाली कोरतात. छत आधी तयार, मग खांब दगडातून हळूहळू मोकळे होत खाली येतात. इथे ते कुठे पूर्ण मोकळे झालेत, कुठे नुसते दगडाचे ठोकळे. छिन्नीचे चरे ताजे वाटतात. जणू लंच ब्रेक झालाय आणि माणसं येतीलच.

ती आली नाहीत. हरिषेणानंतर वाशिमचं राज्य झपाट्याने कोसळलं. त्याच्या वारसाचं नावसुद्धा कुठे नीट मिळत नाही. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त विदर्भाच्या एका तरुण, चैनी राजाची गोष्ट आहे. शहाण्या मंत्र्याचं ऐकायचं सोडून तो खुशमस्कऱ्यांच्या नादी लागतो, शेजारचा अश्मकांचा राजा डाव टाकतो, मांडलिक उलटतात आणि सगळं संपतं. ही गोष्ट म्हणजे वत्सगुल्मच्या शेवटाचीच आठवण, असं मिराशींचं आणि पुढे स्पिंकचंही मत. गंमत बघा, २६ नंबरचं लेणं बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने करवलं आणि त्याच्या लेखात ज्या मंत्री मित्राचं नाव येतं तो अश्मकांचा. म्हणजे घर फोडणारे आणि घर बांधणारे एकाच दरीत शेजारी. तिथला महापरिनिर्वाणातला बुद्ध बघायचा चुकवू नका. सात मीटर लांब, उशीवर डोकं ठेवून निजलेला, आणि खाली रडणारे भिक्खू.

राजाश्रय तुटल्यावर काय झालं याच्या खुणाही दिसतात. अनेक लेण्यांमध्ये व्हरांड्यात, खांबांच्या मध्ये, मिळेल त्या जागेत लहान लहान बुद्ध कोरलेत. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, मूळ प्लॅनशी तर नाहीच. स्पिंकचं म्हणणं, मोठे आश्रयदाते निघून गेले, मजुरी बंद झाली, आणि मग मागे राहिलेल्या भिक्खूंनी, साध्या उपासकांनी जमेल तसा एकेक बुद्ध आपल्या नावाने करवून घेतला. थोड्याच काळात तेही थांबलं.

मला हे लहान बुद्ध फार आवडले. काकूंनाही. त्यांनी एका खांबाजवळच्या वीतभर मूर्तीला हात न लावता लांबूनच नमस्कार केला आणि म्हणाल्या, 'हा आपल्या बजेटचा हाय.'

सूर्य कलल्यावर आम्ही बसच्या रांगेत उभे होतो. पुढे एक कुटुंब होतं, पुण्याचं. गप्पा निघाल्या. त्यांनी मित्राला विचारलं, 'तुम्ही कुठले?' तो म्हणाला, 'वाशिम.' समोरच्यांचा चेहरा नेहमीप्रमाणे कोरा. या वेळी त्याने अकोला म्हटलं नाही. '१६ नंबर बघितलंत का?' असं विचारलं आणि बस येईपर्यंत बोलत राहिला. काकू मला म्हणाल्या, 'याले आता कोणी आवरा.'

कसं जाल?

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या मेन लाइनच्या गाड्यांनी अकोल्याला उतरा, तिथून अकोला-पूर्णा मार्गावर वाशिम आहे. गाडीने जाणार असाल तर समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. वाशिमला एक मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालात तर मेहकर, चिखली, बुलढाणा, अजिंठा गाव असं साधारण दोनशे किलोमीटर पडतं. रस्ता काही ठिकाणी मस्त, काही ठिकाणी पाठीची परीक्षा. मेहकरजवळून लोणारला वाकडी वाट करता येते, पण मग एक दिवस वाढवा, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. परत संभाजीनगरमार्गे या, अजिंठ्याहून ते शंभर किलोमीटर आहे. जळगाव त्याहून जवळ, साठेक किलोमीटर.

लेण्यांमध्ये फ्लॅश चालत नाही, उगाच प्रयत्न करू नका. ही चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. माती, भुसा आणि झाडांचे तंतू कालवून केलेल्या गिलाव्यावर पातळ चुना आणि वर रंग, असा नाजूक मामला आहे. त्यातला निळा तर अफगाणिस्तानच्या बाजूने आणलेल्या लाजवर्द दगडाचा. चपला पटकन काढता-घालता येतील अशा घाला. पाणी भरपूर ठेवा. पायऱ्या चढणं जमत नसेल तर डोलीवाले असतात, आमच्या काकूंनी त्यांना हसून नाही म्हटलं आणि आमच्या पुढे चढल्या. पावसाळ्यात दरीच्या टोकाचे धबधबे बघण्यासारखे असतात, पण १६ नंबरचा लेख वाचायचा असेल तर कोरडी हवा आणि सकाळचा उजेड बरा. सोमवारी मात्र जाऊ नका, लेणी बंद असतात.